साहेबांचा गुडघा

तिसऱ्या मजल्यावर उजव्या हाताच्या दारावर पितळी पाटी होती. वरच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘मेजर’, आणि खालच्या ओळीत बारीक अक्षरांत ‘निवृत्त, लष्करी नर्सिंग दल’. वरची ओळ सगळे वाचायचे. खालची कोणी वाचायचं नाही, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच होतं.

बेल वाजली की मेजर दार उघडायच्या, आणि समोरचा माणूस त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचा, मेजरसाहेब आहेत का? मेजर सांगायच्या की मीच मेजर. मग तो समजूतदारपणे हसायचा आणि साहेब आले की निरोप द्या, म्हणून चालू पडायचा. पालथ्या घड्यावर पाणी. गोष्ट सांगताना आपणही त्यांना मेजरच म्हणू, कारण ‘बाई’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही आणि उगाच आपल्यालाही ऐकून घ्यावं लागेल.

तशी ही लढाई त्यांना नवी नव्हती. उभी नोकरी लष्करी इस्पितळांत गेली होती. तिथे रणगाडेवाले, तोफखानेवाले, विमानवाले, जो तो आपल्या टोपीचा तोरा मिरवायचा, आणि नर्सिंग दल म्हटलं की सगळ्यांचं एकमत व्हायचं, हे काय खरे फौजी नव्हेत. खांद्यावरचा हुद्दा दिसत असूनही सॅल्यूट करताना भल्याभल्यांचा हात जड व्हायचा. वॉर्डात प्लास्टरमध्ये पडलेला एखादा जवान ‘सिस्टर, पाणी’ म्हणाला की त्या ग्लास हातात धरून उभ्या राहायच्या. तो ‘मेजर, पाणी’ म्हणाला की ग्लास त्याच्या ओठांना लावायच्या. वर ऐकवायच्या, तुम्ही लढता आणि मोडून येता, आम्ही तुम्हाला पुन्हा लढण्याजोगं करतो, आता सांग कोणतं दल मोठं. जवान पाणी पिता पिता मान डोलवायचा. दुसरं करणार काय?

निवृत्त झाल्यावर मात्र मान डोलवायलाही कोणी उरलं नाही. लग्न केलं नव्हतं, आईवडील कधीच गेले होते. दोन खोल्यांचं घर, एक खुर्ची खिडकीशी, एक टेबलाशी. संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं.

एक दिवस पाण्याचं मशीन दुरुस्त करणारा आला. मेजरांचा डावा गुडघा त्या दिवशी सुजून भोपळा झाला होता आणि वाद घालायचं त्राण नव्हतं. त्याने ठरलेला प्रश्न विचारला आणि मेजरांच्या तोंडून निघून गेलं, साहेब झोपलेत. त्याने लगेच आवाज खाली आणला, चपला दाराबाहेर काढल्या, दर वेळी अर्धवट सोडायचा ते काम नीट पुरं केलं आणि जाताना दार हळूच लोटून घेतलं. मेजर बघतच राहिल्या.

खाली जाऊन त्याने वॉचमनला सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने विचारलं, साहेबांना बरं नाही का? मेजर म्हणाल्या, गुडघा धरलाय. खोटं त्यात एवढंच होतं की गुडघा साहेबांचा नव्हता.

मग साहेब वाढू लागले. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, ही मेजरांची तक्रार सोसायटीचे सेक्रेटरी वर्षभर ‘बघू, ताई’ म्हणून टोलवत होते. ‘साहेब फार वैतागलेत’ एवढं म्हटल्याबरोबर दोन दिवसांत प्लंबर हजर. वॉचमनने साहेबांसाठी एक मजबूत काठी मिळवून आणली. कानामागून आला आणि तिखट झाला, असा हा साहेब नावाचा गडी. मेजरांना त्याचा राग यायचा. आपण आयुष्यभर घाम गाळून मिळवलेला हुद्दा हा न जन्मलेला माणूस फुकट वापरत होता, आणि लोक वर म्हणायचे, तुमचं नशीब थोर म्हणून असा नवरा मिळाला.

पण समोरच्या दारातल्या वहिनी रोज संध्याकाळी साहेबांसाठी गरम सूप घेऊन यायला लागल्या. डबा हातात देऊन त्या लगेच वळायच्या नाहीत, तिथेच उभ्या राहून विचारायच्या, “साहेब कसे आहेत आज?” आणि उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत. त्यांचा स्वतःचा नवरा असाच बरीच वर्षं अंथरुणाला खिळून गेला होता, त्यामुळे काय काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं. झोप लागली का, जिना उतरताना जास्त दुखतं की चढताना, एकटं वाटतं का दुपारचं. मेजर एकेक उत्तर द्यायच्या. पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. उतरताना जास्त दुखतं. हो, दुपारी फार एकटं वाटतं त्यांना, बोलून दाखवत नाहीत इतकंच. दार लावून सूप पिताना मेजरांच्या लक्षात आलं की यातलं एक अक्षरही खोटं नाही. इस्पितळात हेच प्रश्न त्यांनी हजारोंना विचारले होते. त्यांना ते कोणी कधी विचारले नव्हते. संध्याकाळच्या बेलची त्या वाट बघायला लागल्या, आणि कधी नव्हे ते त्यांना बरं वाटायला लागलं.

काट्याचा नायटा झाला तो वार्षिक सभेच्या निमित्ताने. सेक्रेटरी वर आले आणि म्हणाले की यंदा सभेत मेजरसाहेबांचा सत्कार करायचं ठरलंय. साहेबांना चालवत नसलं तर चौघं जण खुर्चीसकट उचलून खाली नेतील, तुम्ही काळजीच करू नका. मेजरांनी नाही नाही म्हणून पाहिलं, पण सेक्रेटरी हार मानणाऱ्यांतले नव्हते.

मेजर आठवडाभर विचार करत होत्या. साहेबांना गावाला पाठवता आलं असतं. मारूनही टाकता आलं असतं. वहिनी गळ्यात पडून रडल्या असत्या, लोक घरी येऊन बसले असते. पण साहेब मेले असते तर मेजर हा शब्दही त्यांच्याबरोबर गेला असता. उरली असती ती मेजरची बायको. तेवढं मात्र मेजरांच्याने होणार नव्हतं.

सभेच्या दिवशी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. चौघं जण जिन्याकडे निघाले तेवढ्यात मेजर एकट्याच खाली आल्या आणि सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

“वर कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच कोणी नव्हतं. मेजर मी आहे. लष्करी नर्सिंग दल. पाटीवर खाली लिहिलंय.”

मग मागच्या रांगेतून वहिनींचा आवाज आला. “मग सूप कोण पीत होतं?”

“मी.”

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंड दाबलं. वहिनी हसल्या नाहीत. सेक्रेटरी पुष्पगुच्छ हातात घेऊन अवघडून उभे होते. शेवटी ते पुढे आले, गुच्छ मेजरांच्या हातात दिला आणि म्हणाले, “अभिनंदन, मेजर.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी तुरळक, मग मनापासून. मेजरांनी पाय जुळवून कडक सॅल्यूट केला. गुडघ्यातून कळ गेली, पण ऊर भरून आला होता, आणि त्या क्षणी त्यांना दुसरं काही नको होतं.

त्या दिवसापासून इमारतीत चूक म्हणून झाली नाही. दूधवाल्यापासून सेक्रेटरींपर्यंत सगळे मेजर म्हणायला लागले. पोरं जिन्यात दंगा करताना त्यांना पाहून भिंतीला चिकटून उभी राहायची. वॉचमन तर गेटातच सॅल्यूट ठोकायचा, आणि तो चांगला जमायला लागला होता. साहेबांचं काय, गुडघ्याचं काय, हे विचारायचं मात्र कारणच उरलं नव्हतं. इतक्या कडक बाईला गुडघे असतात हे कोणाच्या मनातही आलं नाही. वहिनींचा डबा बंद झाला. त्यांनी भांडण काढलं नाही की टोमणा मारला नाही. समोरासमोर दारं उघडली तर त्या म्हणायच्या, नमस्कार मेजर, आणि दार ओढून घ्यायच्या.

एका संध्याकाळी मेजर औषधं घेऊन परतल्या. वॉचमनने सॅल्यूट केला, त्यांनी परतवला. तो काही विचारेल म्हणून त्या थोडा वेळ उगाच थांबल्या. तो हात कपाळाशी धरून त्या जाण्याची वाट बघत होता. त्या वळल्या आणि त्याच्या नजरेसमोर पाय जराही न ओढता जिना चढल्या. पहिल्या वळणावर, तो दिसेनासा झाल्यावर, कठडा धरून पायरीवर बसल्या.

वरून वहिनी कचऱ्याची पिशवी घेऊन उतरत होत्या. मेजर चटकन उठून ताठ उभ्या राहिल्या. वहिनी क्षणभर थांबल्या. विचारण्याची जुनी सवय त्यांच्या ओठांपर्यंत आली असावी, पण विचारायचं कोणाबद्दल? अदबीने भिंतीकडे सरकून त्यांनी वाट करून दिली. “या, मेजर,” त्या म्हणाल्या.

मेजर मान हलवून पुढे गेल्या. वहिनींची पावलं खाली उतरत जाईपर्यंत त्या ताठच चढत राहिल्या. साहेब असते तर मेजरांनी आज निदान कोणाला तरी सांगितलं असतं, की गुडघा फार दुखतोय.