खंडेनवमीला पाटावर बसलेला लॅपटॉप

आबिड्स भागातल्या एका बिल्डरच्या कचेरीत त्रिवेणी घरांचे नकाशे काढायची. हल्ली साहेबांच्या बुटांचा आवाज आला, की ती लॅपटॉपवर झटकन पदर टाकायची. चोरीचा नव्हता हो तो! स्वतःच्या कमाईचा होता, सात वर्षं साथ दिलेला. जाडजूड, काळाकुट्ट. एकदा साइटवर जिन्यावरून गडगडत खाली गेला, तरी उघडल्यावर नकाशा जागच्या जागी!

पण शेजारच्या टेबलावरच्या दिलीपनं तिच्या मनात भीती घातली होती. तो स्वतः नुकताच नवा, चकचकीत लॅपटॉप घेऊन आला होता.

"ताई, जमाना बदलला. साहेब नवे आहेत. हे डबडं दिसलं तर म्हणतील, बाईही जुनी, सामानही जुनं. दोघांनाही घरी बसवा!"

त्रिवेणीचा नवरा विजय ज्या कारखान्यात होता, तो खुल्या बाजाराच्या वाऱ्यात जुना ठरून बंद पडलेला. गौलीगुड्यातलं घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. ही नोकरी गेली तर? तिला घास गोड लागेना. शेवटी तिनं ठरवलं, लॅपटॉपच्या दुकानातल्या 'जुनं द्या, नवं न्या' योजनेत हा देऊन मोकळं व्हायचं. योजनेचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा होता.

त्या सकाळी सासूबाई, सुशीलाबाई, पूजेला हत्यारं मांडत होत्या. स्वतःची विळी, विजयचे नटबोल्ट पिळायचे पाने, नात श्रुतीची कंपासपेटी.

"त्रिवेणी, तुझं हत्यार आण."

"यंदा नको, आई. आज ते दुकानात देऊन टाकायचंय."

"कायकू? बिघडलं?"

"नाही, चालतंय. पण जुनं झालं. साहेबांनी पाहिलं तर मलाच काढतील हो!"

सुशीलाबाईंनी हळदीची वाटी खाली ठेवली.

"ही विळी माझ्या लग्नातली. तिच्यावर चिरलेली भाजी कधी शिळी लागली का तुला? काम देतं ते जुनं कसं ग? विजयचे हात चालत होते, तरी कारखान्याबरोबर त्यालाही जुना म्हणून घरी पाठवला. तेव्हा तू केवढी रडलीस! आणि आज तूच तो न्याय लावतेस?"

अरे देवा! त्रिवेणीनं मागं वळून पाहिलं. कोपऱ्यात विजय खाली मान घालून पाने पुसत होता. ती उठली आणि लॅपटॉप आणून पाटावर ठेवला. पूजा झाली. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही घरची रीत. संध्याकाळी दुकानातली योजना संपली. दसऱ्याला सोनं वाटताना तिचं सगळं लक्ष उद्याच्या कचेरीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिनं लॅपटॉप बाहेर काढला. झाकणावर कुंकवाचं लालभडक बोट! पुसलं तर आणखीच पसरलं. तेवढ्यात बूट वाजले. तिचा हात सवयीनं पदराकडे गेला. मग तिला विजयची खाली घातलेली मान आठवली आणि तिनं पदर सोडून दिला.

"ये क्या है बाई? कितना पुराना?" साहेबांनी विचारलं.

"सात साल, साब. मेरा है. चलता है." बोलली ती!

"टोलीचौकीवाले मकान का नक्शा दिखाओ."

तिनं झाकण उघडलं. पंखा कुरकुरला. पडदा काळाच. दिलीप टक लावून बघतोय. चल रे बाबा, आज अब्रू राख! आणि पडदा उजळला, नकाशा उमटला. साहेब वाकून बघत राहिले.

"सीढ़ी थोड़ी चौड़ी करो. बाकी ठीक है." आणि ते चालते झाले.

बस्स, एवढंच! ज्याच्या धास्तीनं तिची झोप उडाली होती, त्या लॅपटॉपकडे साहेबांनी दुसऱ्यांदा पाहिलंदेखील नाही. त्रिवेणीला हसू आलं आणि डोळेही भरले.

जरा वेळानं दिलीप खुर्ची सरकवत जवळ आला. "ताई, माझा जुना माळ्यावर पडलाय. चांगला चालत होता हो. त्याची बॅटरी कुठं मिळेल?"

"आधी खाली काढ त्याला. आणि त्याची माफी माग!"

वाचकहो, वस्तू खरंच थकली तर जरूर बदला. पण लोक काय म्हणतील या भीतीनं चालती वस्तू फेकू नका. आज आपण वस्तूंना जे माप लावतो, तेच उद्या कुणीतरी आपल्या घरच्या माणसाला लावतं. गौलीगुड्यातल्या त्या घरात ते आधीच लावून झालं होतं.