उलटे आटे

तो लिलाव वसंतातला होता की शरदातला, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. डेलमार म्हणतो, मक्याची कापणी झालेली होती. मला मात्र चिखल आठवतो, आणि चिखल आमच्या नेब्रास्कात दोन्ही ऋतूंत असतो. आयुष्यभर मी कॉलेजात लॅटिन शिकवलं, क्रियापदांची रूपं अजून तोंडपाठ आहेत, पण स्वतःच्या एखाद्या दुपारबद्दल कुणी विचारलं तर मी चाचपडतो. त्यानंतर माझ्या बायकोच्या, लव्हॉनच्या, बोटाला बांधावी लागलेली पट्टी तेवढी नक्की आठवते.

नट-बोल्ट आवळायचे जुने पाने जमवण्याचा नाद मला डेलमार कुचेराने लावला. तो शेजारचा शेतकरी. मी निवृत्त झाल्यावर तो मला आपल्या ट्रकमधून शेतांवरच्या लिलावांना नेऊ लागला. चाकी फिरवली की ज्यांचा जबडा पुढेमागे सरकतो, अशा पान्यांवर आमचं लक्ष असायचं. दांड्यावरचं कारखान्याचं नाव, पेटंटची तारीख, चाकीवरचे चरे, एवढ्यावरून पाना कुणाचा आणि कधीचा हे ओळखायचं. एखादं झिजलेलं अक्षर लागलं की मला जुनं हस्तलिखित वाचल्याचा आनंद व्हायचा. गंजून अडकलेला पाना मिळाला तर आधी जबड्यातली फट बघायची, हे डेलमारने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "त्याने शेवटचं जे धरलं, त्याचं माप अजून त्याच्या तोंडात असतं," असं तो म्हणायचा.

त्या लिलावात एका खोक्याच्या तळाशी हा पाना मिळाला. हातभर लांब, गंजाने तांबडा झालेला, ना नाव ना तारीख. डेलमारने फटीत अंगठा घातला. तो अगदी बेताने बसला.

"बघ प्रोफेसर, माझ्याच मापाचा."

"काढ आता बाहेर."

"नाही निघाला तर असाच घरी जाईन. बायको म्हणेल, चला, शेवटी कुणीतरी धरून ठेवलं याला."

आमच्यासारख्या पाने जमवणाऱ्यांच्या क्लबच्या मेळाव्यात न ओळखलेल्या वस्तूंसाठी एक वेगळं टेबल मांडतात. तिथे तो दिवसभर पडून होता. सगळ्यांनी हाताळला, कुणालाच ओळखता आला नाही. चाकी गंजली आहे, रॉकेलमध्ये भिजत घाल, एवढाच सल्ला मिळाला. मी भिजवला, पुसला आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीवरच्या फळीवर ठेवला. फटीत सुताराची एक जाडजूड पेन्सिल उभी करून ठेवायची मला सवय लागली. सुरुवातीला ती सैल डुगडुगायची. मग एके दिवशी ती उपसून काढावी लागली. आणि त्यानंतर एका सकाळी ती जागच्या जागी चेपलेली, लाकूड फुटून आतलं शिसं दिसत असलेली, अशी सापडली.

"चाकी सुटली वाटतं," मी म्हणालो.

"आपोआप?" लव्हॉनने विचारलं.

"मी हात लावलेला नाही."

"किटलीलाही लावला नव्हतास."

आदल्या आठवड्यात किटली शेगडीवर कोरडी जळून काळी झाली होती. ती मी ठेवली होती हे मला आजही आठवत नाही.

"एव्हरेट, तू विसरतोस, ते मी सांभाळीन," ती शांतपणे म्हणाली. "पण तू काहीतरी करतोस आणि तुझं तुलाच कळत नाही, असं असेल तर या घरात मला तुझ्याबरोबर एकटीने राहता येणार नाही."

मग तिने पाना टेबलावर घेतला, अडकलेली पेन्सिल ठोकून काढली आणि फटीत डाव्या हाताची करंगळी घातली. ती जेमतेम गेली. "हे लोखंड आहे. तुझे दोन्ही हात टेबलावर ठेव. आता बघत बसू."

"आणि जेवण?"

"जेवण कुठे पळून जात नाही."

मी हात ठेवले. मेणकापडावर ऊन पडलं होतं. इथवर माझी आठवण स्वच्छ आहे. त्यापुढचं जे आठवतं त्यात ती ओरडते आहे, माझा उजवा अंगठा चाकीवर आहे आणि मी ती वरच्या बाजूला फिरवतो आहे. चाकी फिरत होती, तिचे चरे अंगठ्याला टोचत होते, याबद्दल मला शंका नाही.

हाड मोडलं होतं. डॉक्टरांकडून परतताना, गाडीत, ती म्हणाली, "चाकी फिरवताना मी तुला पाहिलं. आवळत होतास की सोडवत होतास, ते मात्र कळलं नाही."

ती उत्तराची वाट बघत होती. दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने ते लगेच दिलं असतं. पण काही जुन्या पान्यांना सुलटे आटे असतात, काहींना उलटे. चाकी वर फिरवली तर एकाचा जबडा उघडतो, दुसऱ्याचा मिटतो, हे मला ठाऊक होतं. "बघून सांगतो," मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा पाना टेबलावरच होता. फट आता कागदाच्या घडीएवढीच उरली होती आणि चाकी हलत नव्हती. रॉकेल, उष्णता, हातोडी, कशालाच ती बधली नाही. लव्हॉन बहिणीकडे लिंकनला गेली. जाताना म्हणाली, "सोडवत होतास असं निघालं, तर मी परत येईन."

दर रविवारी तिचा फोन यायचा. "बघितलंस?"

"अजून नाही."

"बरं."

पाना फडक्यात गुंडाळून खणात ठेवला, तो कुणालाच दाखवला नाही. कापला तर आतले आटे दिसून कळलं असतं, पण कापायला माझा हात धजत नव्हता. अशी कित्येक वर्षं गेली. शेवटी डेलमारच मला एका लेथवाल्याकडे घेऊन गेला.

त्याने चाकीच्या मधोमध करवत चालवली आणि दोन्ही तुकडे आमच्यासमोर ठेवले. कापलेली बाजू करडी, दाणेदार आणि एकसंध होती. चाकी, जबडा, दांडा असं वेगळं काही नव्हतंच. सगळं एकाच साच्यातून ओतलेलं बिडाचं लोखंड होतं.

"दुकानात मांडायचा नमुना असेल," तो म्हणाला. "यात आटेच नाहीत. हा कधी उघडलेला नाही आणि कधी मिटलेलाही नाही."

उद्याच्या फोनवर लव्हॉनला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. मेळाव्यानंतर पहिल्यांदाच तो पाना पाहणाऱ्या डेलमारने जबड्याकडचा तुकडा उचलला आणि फटीत अंगठा घालून पाहिला. तो गेला नाही. मग त्याने नखाचं टोक घालून पाहिलं.

तेही गेलं नाही.