पाटावर बसवलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी ऑफिसात राबलेला एक जुना लॅपटॉप आहे. दुकानाच्या काचेत मिरवणं माझ्या नशिबी नव्हतं, कारण माझ्यासारखे लॅपटॉप कंपन्या गठ्ठ्याने घेतात. रंग काळा, अंग जाड. देखणा म्हणून मला कुणी कधी उचललं नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. माझ्या पाठीचे स्क्रू काढले की बॅटरी, पंखा, सगळं सुटं होतं. आजारी पडलो तर उपचार होतात, हीच माझी श्रीमंती.

पुण्यातल्या एका कंपनीत मी काही वर्षं काढली. अंगावर चहा सांडला, दोनदा टेबलावरून पडलो, तरी कामात खाडा केला नाही. पुढे नवे लॅपटॉप आले आणि आम्हा जुन्यांना विकून टाकलं. निरोप समारंभ माणसांचे असतात.

मला सोनपेठच्या रुद्राणीने घेतलं. पुण्यातल्याच दुसऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ती घरी बसून सोडवते. घरात ती आणि तिची आई भागम्मा, दोघीच. वडील बसप्पा होते तेव्हा त्यांचं किराणा दुकान होतं. खंडेनवमीला भागम्मा पाटावर तांदूळ पसरून त्यावर दुकानाचा तराजू पुजायची. बसप्पा गेले, दुकान बंद झालं. आता घर माझ्यावर चालतं, म्हणून यंदा त्या पाटाचा मान मला मिळाला.

रुद्राणी अंघोळीला गेली होती. भागम्माने मला चालू असतानाच तांदळावर बसवलं, माझ्या झाकणावर भस्माची तीन बोटं ओढली आणि हात जोडले.

"माझ्या लेकीला घरीच ठेव बाबा. पुन्याला नको न्हेऊस."

मी पाठीखालून हवा ओढतो. त्या हवेबरोबर तांदळाची एक कणी माझ्या पोटात शिरली. मला बोलता आलं असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं.

पंखा अडला. मी तापायचो आणि ग्राहक बोलत असतानाच बंद पडायचो.

"आई, साहेब म्हणायलेत, असंच चालायचं असंल तर पुन्याला येऊन ऱ्हा," रुद्राणीने सांगितलं.

भागम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "जुनं ते जुनंच. नवं घे म्हणलं होतं मी."

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने मला न उघडताच भंगारात काढलं. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. न उघडता निकाल देणारे सगळीकडे भेटतात. रुद्राणीने पुण्याला जायची बॅग भरली. भागम्मा तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली.

शेवटचा उपाय म्हणून रुद्राणी मला एसटीने परभणीला घेऊन गेली. तिथे धम्मदीपचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने आधी मला उघडलं, मग तोंड उघडलं. चिमट्याने कणी काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवली.

"ताई, काईच बिघडलं न्हाई. पंख्यात कणी अडकली होती. मशीन लय दणकट हाय."

घरी आल्यावर रुद्राणीने तीच कणी आईसमोर धरली. "आई, हे पंख्यात सापडलं."

भागम्माने कणी हातात घेतली. "तू घरी ऱ्हावं म्हणून पुजा केली गं मी. अन् मीच तुला पुन्याला लावून द्यायले होते!" तिला रडू आवरेना. रुद्राणीने तिला जवळ घेतलं. मग बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात परत ठेवले.

मित्रांनो, माझी पूजा करू नका असं मी म्हणणार नाही. इतक्या मायेने मला कंपनीत कुणी हात लावला नव्हता. फक्त आधी मला बंद करा. माझ्या पाठीखाली उशी, गादी, तांदूळ काही ठेवू नका. आणि मी बंद पडलो तर टाकून देण्याआधी एकदा उघडून बघा. थोड्या वेळाचं काम असतं ते. तेवढं आधी कुणी केलं नव्हतं, म्हणून सोनपेठमधली एक आई एकटी पडणार होती.