खंडेनवमीला सर्व्हर बंद

"तुमच्या साइटवर 'सर्व्हर सापडत नाही' असं येतंय," सहकारनगरच्या सत्यशीलाबाई फोनवर म्हणाल्या. "सापडला की कळवाल का? म्हणजे मी उगीच बोट झिजवत बसायला नको."

"हो ताई, बघते लगेच," असं म्हणून मुक्ताईनं फोन ठेवला आणि झेंडूच्या क्रेटवर बसल्या बसल्याच मोबाइलवर आपली साइट उघडून पाहिली. पांढरं पान. पुन्हा उघडली. पुन्हा पांढरं पान.

आज खंडेनवमी होती आणि उद्या दसरा. लोणी काळभोरच्या मळ्यातला झेंडू सकाळी तोडून झाला होता. तो कुणाच्या दारात आणि किती न्यायचा, हे सगळं त्या साइटवर होतं. गिऱ्हाइकाचं नाव, सोसायटी, मजला, सगळं. संध्याकाळी ऑर्डरी बंद करायच्या, नावं काढून घ्यायची, पुड्या बांधायच्या आणि पहाटे टेम्पो काढायचा, असा बेत होता. ही नावं आधीच कुठं उतरवून ठेवावीत हे तिला सुचलं नव्हतं. साइट म्हणजे काय फडताळ आहे, उघडलं की सामान दिसणारच, असं ती धरून चालली होती. आपण सगळेच तसं धरून चालतो.

लग्न होऊन आल्यापासून मुक्ताई दर दसऱ्याला नवऱ्याबरोबर मार्केट यार्डाच्या रस्त्यावर फुलं घेऊन बसायची. सकाळी ज्या फुलासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, त्याच फुलाकडे दुपारनंतर कुणी ढुंकून पाहत नाही. मग उरलेला ढीग तिथंच सोडायचा आणि घरी यायचं. मागून महापालिकेची गाडी येते. आपण पाणी देऊन वाढवलेलं फूल कचऱ्याच्या गाडीत जाताना पाहून तिला दरवर्षी रडू यायचं, आणि फुलासाठी रडणं बरं दिसत नाही म्हणून ती डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगायची. यंदा तिनं सासऱ्यांकडे सगळा मळा मागितला. बचत गटाच्या शिबिरात शिकून स्वतः साइट केली, सोसायट्यांमधून फिरून ती सांगितली, आणि मनाशी पक्कं केलं की आपलं एकही फूल रस्त्यावर पडू द्यायचं नाही. सासरे, रंगनाथ, फार बोलणारे नव्हते. "एक दसरा तुझ्या पद्धतीनं," एवढंच ते म्हणाले होते. "न्हाई जमलं तर परत हा इषय काढायचा न्हाई."

तिनं ज्या कंपनीकडे साइट ठेवली होती, तिचा मदतीचा नंबर लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे,' असं एक गोड आवाज म्हणाला आणि सनई सुरू झाली. सनई संपली की पुन्हा तिचं महत्त्व, आणि पुन्हा सनई. एखाद्या लग्नाला येऊन बसल्यासारखं वाटायला लागलं, फक्त जेवणाचा पत्ता नव्हता. मग तिनं चॅट उघडलं. 'नमस्कार, मी सखी!' असा मजकूर आला. मुक्ताईनं लिहिलं, माझी साइट बंद आहे. 'हे ऐकून वाईट वाटले. अधिक माहितीसाठी कृपया आपल्या साइटवर लॉगिन करा.' मुक्ताईनं लिहिलं, अगं बाई, तीच बंद आहे. 'आपली तक्रार नोंदवली आहे,' सखी म्हणाली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुढचा संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आपण आम्हाला किती तारे द्याल?'

मुक्ताईनं सखीला जे लिहिलं ते इथं देण्यासारखं नाही.

"अवो, टेम्पो काढा," ती भैरूला, म्हणजे नवऱ्याला, म्हणाली. "त्यांच्या बिलावर बिबवेवाडीचा पत्ता हाय. तितंच जाऊ."

"माल भरूनच न्या," ओसरीवरून रंगनाथ म्हणाले. "बिबवेवाडीच्या शेजारीच मार्केट यार्ड हाय. काम न्हाई झालं तर दिवस हाय तवर तितं उतरवून मोकळं व्हा."

बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणूनच ते मुक्ताईला जास्त लागलं. सोलापूर रस्त्यानं हडपसर येईपर्यंत ती मोबाइलवर तेच पांढरं पान पुन्हा पुन्हा उघडत राहिली.

कंपनीची इमारत तीन मजली होती. तळमजल्याचं शटर अर्धं खाली होतं आणि वर पाटी होती, 'चोवीस तास आपल्या सेवेत'. मुक्ताई वाकून आत शिरली, तो समोर रांगोळी. रांगोळीमागे पाटावर एक जुना विळा, कुऱ्हाड आणि ट्रॅक्टरची किल्ली. त्यांच्या शेजारी लॅपटॉप, कीबोर्ड आणि फोन ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू आणि वर एकेक झेंडूचं फूल. मागे काचेच्या कपाटात एक भलं मोठं काळं यंत्र उभं होतं. त्याला हार होता, कुंकवाचं स्वस्तिक होतं, आणि त्याचा एकही दिवा लागलेला नव्हता. कपाटाला पाठ लावून, खुर्चीत, नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई पहाऱ्याला बसल्यासारख्या बसल्या होत्या.

मुक्ताईनं उंबऱ्यातूनच मदतीचा नंबर पुन्हा लावला. पाटावरचा एक फोन थरथरायला लागला. त्याच्यावरचं फूल हललं, घसरलं आणि पाटावर पडलं. कुणीही फोन उचलला नाही. तिच्या कानात सनई सुरू झाली.

"ह्यो माझा फोन हाय," मुक्ताई म्हणाली. "सकाळधरनं तुमाला लावतीय."

आतून सिल्कचा कुर्ता घातलेला एक तरुण धावत आला. हा दिग्विजय, कंपनीचा मालक. "सॉरी मॅडम, आज शेड्यूल्ड मेंटेनन्स आहे. सगळ्यांना मेल टाकला होता."

"ह्याला मेंटेनन्स म्हणत्यात?" मुक्ताईनं हाराकडे बोट दाखवलं.

दिग्विजयनं आवाज खाली आणला. "ताई, खरं सांगू का? आत्तापर्यंत आपले सर्व्हर भाड्याचे होते, बाहेरगावी. यंदा पहिल्यांदा स्वतःचं मशीन घेऊन इथं बसवलं. आई म्हणाली, हत्यार घरात आलं की त्याची खंडेनवमी पाळायची. पूजा केली की उद्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. मला वाटलं, हॉलिडेच आहे, कोण बघतंय साइट? उद्या दहापर्यंत सगळं अप होईल. प्रॉमिस."

"उद्या दहाला लोकांच्या दाराला तोरणं लागून गेलेली असत्यात. माजी फुलं मी दहाच्या नंतर कुनाच्या दारात टाकू?"

"मग तुम्ही एक तिकीट रेज करा, म्हणजे तक्रार नोंदवा..." सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं. मुक्ताईचा चेहरा पाहून तो थांबला आणि खुर्चीकडे बघत पुटपुटला, "तुम्हीच आईशी बोला. माझं काही चालत नाही."

मुक्ताई खुर्चीपाशी गेली. दिग्विजयच्या आईनं, मथुराबाईंनी, तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"ह्या जागंवर आमचा गोठा हुता," त्या म्हणाल्या. "ह्याचा बाप ट्रॅक्टर आला तवाबी आजच्या दिशी किल्लीला शिवला न्हाई. वरीसभर राबतं हत्यार. एक दिस त्याला इसावा नगं? तुमच्यात पाळत न्हाईत का?"

मुक्ताईला हो म्हणता आलं असतं. हातापाया पडता आलं असतं. पण सकाळपासून साठलेला राग एकदम उतरला आणि खरं तेच तोंडात आलं.

"न्हाई पाळत, आजी. लगीन होऊन आले तवापासनं एकदाबी न्हाई पाळली."

"का गं?"

"आमी आज फुलं तोडायची ठेवली, तर तुमच्या हत्याराला वाहायला फूल कुठनं येनार? समद्या पुण्याची खंडेनवमी हुती, तवा आमचा टेम्पो रस्त्यावर पळत असतो. आत मावत न्हाईत एवढी फुलं, आनि त्याला स्वतःला एक माळ नसती. आमची पूजा दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. तवर सुकलेली चार फुलं उरत्यात, ती वाहायची."

मथुराबाई उठल्या. शटरखालून वाकून बाहेर गेल्या आणि रस्त्याकडेला उभा असलेला टेम्पो त्यांनी पाहिला. मागच्या बाजूला केशरी-पिवळी रास, आणि पुढं धुळीनं माखलेलं बोनेट. भैरू स्टिअरिंगवर हात ठेवून मार्केट यार्डाच्या दिशेनं बघत बसला होता. बाईंनी पुढं जाऊन बोनेटवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ पाहिली. आत आल्या तेव्हा त्या मुक्ताईशी नाही, मुलाशी बोलल्या.

"दिग्या, ह्या कपाटात कुनाकुनाचं हाय रं?"

"साइट्स? बऱ्याच लोकांच्या आहेत, आई. हिची फुलांची, कुणाचा क्लास, कुणाची खाणावळ..."

"म्हंजे हे आपलं हत्यार न्हवंच की," मथुराबाई म्हणाल्या. "ही समद्यांची हत्यारं. आपल्याकडं इश्वासानं ठिवलेली. आपल्या इळ्याला आपन इसावा देऊ, पर दुसऱ्याचं हत्यार बांधून ठिवायचा आपल्याला काय हक्क? चालू कर ते."

"अगं पण तूच सकाळी..."

"सकाळी मला कुनी सांगितलं न्हवतं. आता सांगितलंय. चालू कर."

दिग्विजयनं हार बाजूला सारून बटण दाबलं. यंत्र आधी घरघरलं, मग एकेक हिरवा दिवा लागत गेला. मुक्ताई मोबाइलकडे बघत होती. पांढरं पान गेलं. आधी तिच्या मळ्याचा फोटो आला, मग ऑर्डरींची नावं, आणि त्याखाली, ती बघत असतानाच, एक नवं नाव येऊन बसलं. तिला हसू आवरेना. तिनं मथुराबाईंना वाकून नमस्कार केला, तेवढ्यात पाटावरचा फोन पुन्हा थरथरला. मथुराबाईंनी तो हळदकुंकवासकट उचलला.

"बोला. व्हय, हितंच हाय. बंद हुतं, आता चालू झालं. चूक आमची हुती. तुमचा धंदा कशाचा हाय? खानावळ? बरं बरं, करा सैपाक. दसऱ्याला येऊन जावा."

एवढं मुद्देसूद उत्तर त्या नंबरावरून कधी कुणाला मिळालं नसेल. बाईंनी फोन ठेवला, तोच दुसरा वाजला आणि त्यांनी तोही घेतला. फोन संपले तेव्हा त्यांनी टेम्पोतली मूठभर फुलं मागून घेतली, तिथंच पायरीवर बसून माळ ओवली आणि स्वतःच्या हातानं बोनेटला बांधली. भैरूनं खाली उतरून हात जोडले.

"चला घरी," मुक्ताई म्हणाली. "पुड्या बांधायच्यात."

दसऱ्याच्या पहाटे ती दोघं दारोदार फिरली. कुणी झोपेतून उठून पुडी घेतली, कुणी रांगोळी टाकता टाकता. सत्यशीलाबाईंनी पुडी नाकाशी नेली आणि "सापडला वाटतं सर्व्हर" एवढंच म्हणाल्या. शेवटचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. दार दीनानाथ नावाच्या एका निवृत्त गृहस्थांनी उघडलं. त्यांनी पुडी सोडली, फुलं उलटसुलट करून पाहिली आणि चष्म्यावरून मुक्ताईकडे बघितलं.

"फुलं उत्तम आहेत. पण काल तुमची साइट चांगला अर्धा दिवस बंद होती."

"हो काका. अडचण आली होती. माफ करा."

"माफी वगैरे ठीक आहे. पुढच्या वर्षी हे चालणार नाही. आम्ही आता मार्केटला जाणं सोडलंय. तुम्ही दगा दिलात तर दाराला काय प्लास्टिकची फुलं लावायची?"

दार लागलं. मुक्ताई जिन्यातच उभी राहिली. आयुष्यात कुणी रागावल्यावर तिला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

"काय म्हनले?" खाली भैरूनं विचारलं.

"रागावले. पुढच्या वर्षाचं आत्तापासनं."

भैरूनं मागं वळून टेम्पोत पाहिलं. क्रेटमध्ये हिरव्या काड्या आणि दोनचार पाकळ्या, बाकी काही नाही. तेवढ्यात फोन वाजला. रंगनाथ होते.

"किती उरलं? यार्डात टाकलं का?"

"न्हाई मामंजी. कायबी उरलं न्हाई."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बरं. आन् घरच्या पूजेला?"

मुक्ताईनं कपाळावर हात मारून घेतला. घरच्या पूजेला एक फूलसुद्धा ठेवलं नव्हतं. असं त्या घरात कधीच झालं नव्हतं.

मार्केट यार्डाच्या रस्त्याकडेला, दरवर्षी जिथं ती स्वतः बसायची तिथं, एक बाई पोत्यावर झेंडूचा ढीग मांडून बसली होती. ऊन वर यायला लागलं होतं आणि ढीग अजून मोठाच होता. मुक्ताई टेम्पोतून उतरली आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा झेंडू विकत मागितला. बाईनं तिच्या हाताकडे पाहिलं. फुलं तोडून बोटं काळी-पिवळी पडलेली. मग तिनं रिकाम्या क्रेटकडे पाहिलं.

"तुमी तर फुलवाल्याच दिसता. मग इकत का घेताय?"

"माजी समदी गेली," मुक्ताई म्हणाली. हे सांगताना तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी तिनं डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं नाही. "कुठं गेली, कशी गेली, ते सांगते तुला. पन आदी मला फुलं दे."

बाईनं वरची उन्हानं मऊ पडलेली फुलं बाजूला केली आणि खालची ताजी फुलं काढून तिच्या ओटीत टाकली. मुक्ताईनं भाव केला नाही. पैसे देऊन ती पोत्याच्या कडेला, त्या बाईच्या शेजारी बसली आणि मोबाइल उघडून तिला आपली साइट दाखवायला लागली.