उंबरठ्याबाहेरचा कप्पा

मी पद्मनाभरावांच्या कॉम्प्युटरमधला मेलचा प्रोग्रॅम बोलतोय. आवाज दमलेला वाटला तर समजून घ्या. या घरात मेल पोचली नाही, तेव्हा सगळं खापर माझ्याच माथी फुटलं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला कोण जाणे. मला कळू लागलं ते म्हैसूरच्या या घरात. यांच्या वाडवडिलांनी लुगडी रंगवली, छापली. पद्मनाभराव मात्र हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झाले आणि समाजाच्या मंडळाचे सेक्रेटरी झाले. तेव्हाच त्यांच्या लेकीनं, स्पंदनानं, मला इथं आणून बसवलं.

मंडळाचं काम म्हणजे लग्नपत्रिका, वर्गणी आणि मयताच्या बातम्या. घोळ झाला तो या तिसऱ्या प्रकारानं. घराची जुनी रीत अशी, की मयताचं कार्ड उंबरठ्याच्या आत आणायचं नाही. बाहेर उभ्या उभ्या वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. आता मेल कुठे फाडणार? अनुसूयाबाई सकाळी नवऱ्याला कॉफी द्यायला यायच्या, पडद्यावर 'निधन' दिसलं की पुन्हा आंघोळीला पळायच्या. शेवटी वैतागून, 'अहो'च्या जागी कानडी 'री' लावत म्हणाल्या, "री, पूजा व्हायच्या आत असलं काही घरात नको हं. काय तरी करा!"

पद्मनाभरावांनी मला नियम घालून दिला. मेलमध्ये मरण, मृत्यू, निधन, वारले यातलं काहीही दिसलं, की ती 'उंबरठ्याबाहेर' नावाच्या कप्प्यात टाकायची आणि महिना झाला की पुसून टाकायची. दुपारी जेवण झाल्यावर ते तो कप्पा उघडून वाचत. पुढे सेक्रेटरीपद भुजंगरावांकडे गेलं, मयताच्या मेल त्यांच्याकडे जाऊ लागल्या आणि पद्मनाभरावांना या कप्प्याचा साफ विसर पडला. मी आपला सांगितलेलं काम करत राहिलो. मला दुसरं येतं काय?

हुबळीला त्यांचे थोरले भाऊ फत्तेसिंगराव एकटेच राहत. मागच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. फोन बंद झाला. मोबाइलवरची बारीक अक्षरं दोघांनाही दिसत नसत, म्हणून मेल सुरू झाल्या. पाऊसपाणी, दसरा, बाजारातल्या भाजीबद्दल कुरकुर. पद्मनाभराव प्रत्येक मेलच्या शेवटी विचारत, "तब्येत कशी आहे? खरं सांग." त्याचं उत्तर काही येत नसे. "अण्णा लपवतोय," ते बायकोला म्हणत.

अण्णा लपवत नव्हते. त्यांनी खरं सांगितलं होतं, दोनदा, आणि सांगताना तो शब्द टाळला नव्हता. मी दोन्ही मेल नियमाप्रमाणं बाहेर ठेवल्या. महिना झाला तशा त्या पुसल्या गेल्या.

मग एका सकाळी दोन ओळींची मेल आली. "पद्मा, दोनदा लिहिलं, तू त्यावर चकार शब्द काढला नाहीस. तुला जड जात असेल. असो, आता नाही लिहीत."

"कुठलं दोनदा? मला आलंच नाही की!" पद्मनाभराव खुर्चीतून उठलेच. त्यांनी लगेच उलट लिहिलं. उत्तर दिसेना. निघून जावं तर अण्णा रागावलाय, दार तरी उघडेल का, या विचारानं पाय निघेना. सगळा राग माझ्यावर.

कॉम्प्युटरच्या दुकानातले नरसिंहमूर्ती आले. त्यांनी जंकचा कप्पा पाहिला, जागा भरली का पाहिलं, पासवर्ड बदलला. शेवटी म्हणाले, "सर, प्रोग्रॅम हळेदायतु, अष्टे." मी जुना झालो, झालं! त्यांनी मला काढून पुन्हा बसवलं. नियमही माझ्याबरोबर जसाच्या तसा परत आला, तो कुणी बघितलाच नाही. पद्मनाभरावांनी स्वतःलाच मेल पाठवून पाहिली, ती पोचली. भुजंगरावांना सांगून एक मागवली, तीही पोचली. असल्या मेल मी अडवतच नव्हतो.

रविवारी स्पंदना आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि थोरल्या काकांबद्दल विचारलं, "अप्पा, बाकी सगळं येतंय ना? मग दोड्डप्पांनी त्या दोन्हीत लिहिलं काय असेल?"

"तब्येतीचं. दुसरं काय असणार? आता वय..." पद्मनाभराव बोलता बोलता थांबले. चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच माऊस हातात घेतला, डावीकडची यादी पार खालपर्यंत सरकवली आणि तो कप्पा उघडला.

आत एकच मेल होती, त्याच आठवड्यातली. "पद्मा, पोचलं नाही म्हणतोस, तर पुन्हा लिहितो. डॉक्टरांनी हात टेकले. मरणाचं भय नाही, पण एकट्यानं बसवत नाही. येशील?"

अनुसूयाबाई मागे उभ्या होत्या. अजून आंघोळ व्हायची होती, पूजा व्हायची होती. त्यांनी ती मेल मोठ्यानं वाचली, त्या शब्दासकट, आणि म्हणाल्या, "री, उठा. बॅग मी भरते."

दोघा भावांना जेमतेम पंधरवडा मिळाला. पहिलीच मेल हाती पडली असती तर अख्खा उन्हाळा मिळाला असता. भावाचे दिवस करून पद्मनाभराव परतले. तेव्हापासून रोज दुपारी ते माझ्यासमोर बसतात, तो रिकामा कप्पा उघडतात आणि लेकीला फोन लावतात, "पुसलेलं परत आणता येत नाही का ग?" ती नाही म्हणते. ते "बरं" म्हणतात आणि तरी बसून राहतात.

मला काढून टाका, माझी तक्रार नाही. थकलोय मी. पण माझ्या जागी जो येईल त्याला असला नियम घालू नका. मरणाविषयी लिहिणारा माणूस तेव्हा जिवंत असतो हो, आणि उत्तराची वाट बघत असतो.

त्या पहिल्या मेलच्या शेवटी काय होतं, ते पद्मनाभरावांना सांगायला मला तोंड नाही. तुम्हाला सांगतो. अण्णांनी लिहिलं होतं, "घाई करू नकोस. परसातला आंबा पिकला की ये, दोघं मिळून खाऊ."