काळ्या कमळातला पंजा

मी गालिचा बोलतोय, आणि आधीच सांगून टाकतो, मनात डूख धरून बोलतोय. सोळा वर्षं माणसांच्या पायाखाली पडून राहिलो, चकार शब्द काढला नाही. आज काढतो.

माझा जन्म मागावरचा. एक विणकरीण आणि तिची धाकटी जाऊ शेजारी शेजारी बसायच्या. ताण्याच्या दोन उभ्या दोऱ्यांभोवती लोकरीची गाठ मारायची, सुरीनं टोक कापायचं, की पुढची गाठ. दिवसभर बोटं झिजवून मी जेमतेम बोटभर वाढायचो. त्या सुरीनंच तरुणपणी विणकरणीची करंगळी नेली होती. म्हणून प्रत्येक गालिच्याच्या कोपऱ्यात ती चार बोटांचा पंजा विणायची. तीच तिची सही.

माझ्याआधीच्या गालिच्याचा तो कोपरा, तिच्याकडून गालिचे विणून घेणाऱ्या शेटजींनी कापून टाकला. वर लोकांना सांगितलं, "हा मी स्वतः विणलाय." ती जाब विचारायला गेली, तर हसून म्हणाले, "बाई, चार बोटांनी कुणी गालिचा विणतं का?"

ती रडली नाही. माझ्या मधोमध काळं कमळ होतं, त्यात तिनं गडद निळी लोकर भरायला घेतली.

"जाऊबाई, काळ्यात निळं कुणाला दिसणार?"

"आज कुणालाच नाही. पण हा काळा रंग लोखंडाच्या गंजातला. तो ज्या लोकरीला लावला तीच हळूहळू खातो, निळा खात नाही. पाय पडू देत."

"आणि शेटजींनी जपून ठेवला तर?"

"जपतात कसले! मिरवल्याशिवाय घास उतरत नाही त्यांना."

शेटजींनी माझे चारही कोपरे भिंग लावून तपासले. "आली ताळ्यावर," म्हणाले आणि मला आपल्या खुर्चीपुढेच अंथरलं. येईल त्याला तीच बढाई, आणि बोलताना टाच कमळावर घासायची. कधी मला वाटायचं, तिचा अंदाज चुकला तर? मी नुसताच झिजून गेलो तर? गालिच्यानं सूड उगवावा, हे तरी बरं का? मग ती टाच पुन्हा यायची आणि शंका मिटायची.

काल शेटजींच्या सत्काराला मंडळी जमली होती. "यातली एकूण एक गाठ याच हातांची," ते सांगत होते. त्यांची नात माझ्यावर बसून कमळावर बोट फिरवत होती. काळी लोकर झिजून खाली गेलेली, निळी तशीच ताठ उभी.

"आजोबा, इथे हात आहे! पण याला चारच बोटं. तुमची तर पाच आहेत."

शेटजींनी घाईनं पाय ठेवला. तोवर मंडळींतला एक म्हातारा रंगारी वाकून बघत होता.

"पाय काढा, शेटजी. करंगळी नसलेली बाई ना? तिची लोकर मीच रंगवतो की! उद्या तिलाच घेऊन येतो, गाठी ओळखायला."

एकानं सत्काराची शाल हळूच घडी करून पिशवीत परत ठेवली.

आता मला गुंडाळून जिन्याखाली कोंबलंय. रंगाऱ्याची वाट बघतोय.

शेटजी, एकच विनंती. मला पुन्हा अंथरा, अजून थोडं चाला. त्या बोटांना तिनं नखंसुद्धा विणली आहेत. ती वर यायची राहिली आहेत.