चार बोटांची पट्टी

सगळे जिला टाचणी म्हणायचे, तिने मुलीला समोर उभं करून मुलीच्या फ्रॉकचा घेर उलटा केला आणि ती आतली शिलाई बघू लागली.

खोलीतल्या कुणालाच ते आवडलं नाही. अनाथालयाच्या अधीक्षिकेने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. दुभाषी बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. टाचणीचा नवरा उगाचच खाकरला. सहा वर्षांची ती मुलगी मात्र जागची हलली नाही. कुणी आपल्याला उलटंपालटं करून तपासावं याची तिला सवय असावी.

"पहिल्या भेटीत मुलांना हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यायची असते," दुभाषी म्हणाली. ती याच देशातली होती. आपली भाषा ती पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे ती रागावली तरी नोटीस वाचून दाखवल्यासारखं वाटायचं.

"मी मुलीला कुठे हात लावलाय? फ्रॉकला लावलाय. फ्रॉक माझा आहे."

ते खरं होतं. फ्रॉक तिनेच शिवून पाठवला होता, दोन वर्षांपूर्वी.

टाचणी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. नवं काही शिवायचं नाही, दुसऱ्यांनी शिवलेलं उसवायचं, आखूड करायचं, सैल करायचं. बावीस वर्षं हेच. दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या आणि त्या काढून ठेवल्या की तोंडातून निघणारं वाक्यही टोचायचं, म्हणून नणंदेने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पण तिच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. एखादी पँट उसवताना ती सहज सांगून जायची, की हा शिंपी घाईत होता, हा नवशिका होता, आणि हा चांगला होता पण त्याला गिऱ्हाईक आवडलेलं नव्हतं.

मुलासाठी त्यांनी अर्ज केला त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत त्यांनी किती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, याचा हिशेब नवरा प्रवासात पुन्हा पुन्हा ऐकवत होता. पोलिसांचा दाखला आला तोवर डॉक्टरांच्या दाखल्याची मुदत संपली. डॉक्टरांचा नवा दाखला आणला तर पोलिसांचा जुना झाला. त्यात बोटांचे ठसे. टाचणीच्या डाव्या हाताची तर्जनी यंत्रावर उमटेचना. सुईखाली कापड धरणारं बोट ते, बावीस वर्षं टोचून घेऊन त्याच्या रेषाच गेलेल्या. तीन वेळा फाइल परत आली.

"महिनाभर सुई बाजूला ठेव म्हटलं तर ऐकायचं नाही," नवरा म्हणाला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

"तू महिनाभर लिफ्ट बंद ठेव. चढू देत लोकांना जिने."

त्यांच्यात बोलणं असं चालायचं. पुढे घर तपासायला अधिकारी बाई आल्या. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद न बोलावता खाली आली आणि चहा घेता घेता तिने सांगून टाकलं, की ही दोघं रोज भांडतात. खोटं नव्हतं, म्हणून तर टाचणीला ते जास्त लागलं. अधिकारी बाईंनी लिहून घेतलं, आणि त्या एका ओळीने सात महिने खाल्ले.

"परक्याचं पोर, तेही परक्या मुलखातलं," नणंद म्हणायची. "रडली तर कशासाठी रडते, ते तरी कळणार आहे का तुला?"

"ताई, तुम्ही आपल्या भाषेत रडता, ते तरी कुठे कळतं कुणाला?"

त्यानंतर दोघी दोन महिने बोलल्या नाहीत.

मुलीचा पहिला फोटो आला त्याच दिवशी टाचणीने फ्रॉक बेतला. निळं सुती कापड, गोल गळा, चार बटणं. खांद्याचं माप फोटोवरूनच घेतलं, शेजारच्या खुर्चीच्या पाठीशी ताडून. मध्यस्थ संस्थेने सांगितलं होतं, तीन महिन्यांत मुलगी तुमच्या घरी येईल. म्हणून तिने खाली फक्त बोटभर कापड सोडलं.

"जरा जास्त सोड," नणंद म्हणाली होती. "पोरं वाढतात."

"तीन महिन्यांत किती वाढणार?"

तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी एक फोटो यायचा, आणि प्रत्येक फोटोत अंगात तोच निळा फ्रॉक. तिसऱ्या फोटोत फ्रॉकखाली फिकट पिवळी पट्टी दिसली, दोन बोटं रुंद. चौथ्यात तीच पट्टी चार बोटं झाली होती. टाचणी भिंग घेऊन फोटो बघत बसायची. नवरा म्हणाला, तिथे कुणी शिंपी असेल. तिने मान डोलावली, पण मनातून तिला राग आला. आपण शिवलेल्या कपड्याला कुणीतरी हात लावला होता, आणि चांगला लावला होता.

आता ती पट्टी तिच्या हातात होती, उलट बाजूने. मशीनची टीप नव्हती, हातशिलाई होती. टाके बारीक, एकसारखे, पण सगळे उलट्या बाजूला कललेले. उजव्या हाताने घातलेले टाके असे कलत नाहीत. घालणारी व्यक्ती डावखुरी होती. पट्टीवर एक जुनी घडी दिसत होती, एकदा उसवून खाली सोडल्याची. आणि आत अजून दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

टाचणी त्या दुमडीवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने घेर खाली सोडला आणि दोन्ही हातांनी सरळ केला.

"इथे शिवणकाम कोण करतं, विचारा."

दुभाषीने विचारलं. अधीक्षिकेचं उत्तर लांबलचक होतं, दुभाषीने ते चार वाक्यांत आणलं. "कोणी नाही. कपडे देणगीत येतात. फाटले की टाकून देतात. लहान मुलं असल्यामुळे इमारतीत सुई ठेवण्यास मनाई आहे."

"मग ही पट्टी आपोआप लागली का?"

दुभाषीने हे सांगितलं की नाही कोण जाणे. अधीक्षिकेने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि पहिल्या पानावर बोट आपटलं.

मुलीला कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी बसवण्यात आलं. तिथे कागद होता, रंगीत खडू होते. तिने डाव्या हाताने लाल खडू उचलला. अधीक्षिकेने उठून तो तिच्या हातातून काढून उजव्या हातात दिला आणि ती जागेवर परत आली. तिची पाठ वळताच खडू पुन्हा डाव्या हातात गेला.

टाचणीने ते पाहिलं. 

दुभाषी कागद वाचू लागली. "सदर बालिका संस्थेच्या पायरीवर सापडली. त्या वेळी वय अंदाजे तीन. पोलिसांनी तपास केला. कोणीही नातेवाईक पुढे आला नाही. नातेवाईक, कोणी नाही." ती थांबली. "इथे दोघांची सही. मग बोटांचे ठसे. मग मुलगी तुमची."

नवऱ्याने सही केली. इतक्या वर्षांत त्याने इतक्या सह्या केल्या होत्या, की पेन उघडून झाकेपर्यंत त्याने खाली बघितलंही नाही. यंत्रावर त्याचं एकेक बोट ठेवलं गेलं आणि दहाही वेळा हिरवा दिवा लागला.

तेवढ्यात दार उघडलं आणि स्वयंपाकघरातली एक बाई पाण्याचे ग्लास घेऊन आली. तिशीची असेल. केस करकचून बांधलेले, कमरेला एप्रन. कुणाकडेही न बघता तिने ट्रे ठेवला आणि जगमधलं पाणी ग्लासांत ओतायला लागली. जग डाव्या हातात होता. ग्लास धरलेल्या उजव्या हाताची तर्जनी टाचणीच्या अगदी डोळ्यांसमोर आली. टोक खरखरीत, काळ्या ठिपक्यांनी भरलेलं. तसलं बोट ती रोज बघत होती, स्वतःच्या हाताला.

कोपऱ्यात मुलगी चित्र काढत होती. खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे तिने आतापर्यंत मान वर करून बघितलं होतं, अगदी खिडकीवर आपटलेल्या पाखराकडेसुद्धा. या बाईकडे बघितलं नाही. बाईनेही तिच्याकडे बघितलं नाही. इतकं नेमकं न बघणं शिकवावं लागतं, आणि ते शिकायला वेळ लागतो.

"या बाई इथे किती वर्षं आहेत?" टाचणीने विचारलं.

दुभाषीने कंटाळून विचारलं, कंटाळून सांगितलं. "तीन. का?"

 टाचणीला त्या बाईचा भयंकर संताप आला. चार वर्षं ती वाट बघत होती. घरी मुलीसाठी पलंग लावून ठेवला होता, त्याच्या चादरीला तिने स्वतः लेस लावली होती. रोज सकाळी ती चादर झटकायची आणि पुन्हा घालायची. आणि इथे ही बाई पायरीवर पोर ठेवून, मागच्या दाराने आत शिरून, चोरून सुई आणून, तिच्याच फ्रॉकला पट्टी लावत बसली होती. द्यायचीच नव्हती तर पायरीवर ठेवली कशाला? आणि द्यायची होती, तर आत दोन बोटं कापड कुणासाठी राखून ठेवलं? पुढच्या वर्षी ते उसवायला कोण असणार होतं?

सही केली की झालं. परवा विमान. फ्रॉक विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, तर पुन्हा कधी कुणाच्या नजरेला पडणार नव्हता. टाके वाचता येणारं माणूस या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"ऐक," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "ती पाणी ओततेय ना, ती हिची आई आहे."

नवऱ्याने आधी बाईकडे बघितलं, मग मुलीकडे. तो लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "कशावरून?"

"हात बघ दोघींचे. आणि पट्टी."

"जगात डावखुरी माणसं ढीगभर असतात."

"असतात."

"आणि असली तरी?" तो दात आवळून बोलत होता. "तिला हे हवंय म्हणून ती गप्प आहे. मुलगी चांगल्या घरी जातेय, खाऊनपिऊन सुखी राहील. तिने विचार केला असेल ना? तू कोण तिच्यासाठी ठरवणारी? सही कर."

"मग तसं तिला म्हणू दे. तिच्या तोंडून ऐकते आणि करते सही."

"तिने तोंड उघडलं तर आपल्याला मुलगी मिळणार नाही, कळतंय का तुला?"

"कळतंय."

अधीक्षिकेने टेबलावर पेन वाजवलं. टाचणीने कागद पुढे ओढला, पेन उचललं, आणि सहीची जागा तशीच ठेवून पेन बाजूला ठेवलं. अधीक्षिकेला वाटलं, हिला आधी ठसे द्यायचेत. तिने यंत्र पुढे सरकवलं आणि टाचणीची डावी तर्जनी धरून काचेवर दाबली. लाल दिवा. रुमालाने पुसून पुन्हा दाबली. लाल. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा टाचणीचं नख पांढरं पडलं.

"या विचारतायत," दुभाषी म्हणाली, "तुमच्या बोटाला काय झालेलं आहे?"

"सुईने झालंय." टाचणीने बोट सोडवून घेतलं. पाणी आणणारी बाई रिकामा ट्रे घेऊन दाराकडे निघाली होती. "त्यांना थांबवा. आणि सांगा, माझं डावं बोट उमटत नाही. यांचं उजवं उमटणार नाही. त्यांचं बोटही या काचेवर ठेवून बघा, आणि मग विचारा, या फ्रॉकची पट्टी कुणी लावली."

 दुभाषीने आधी नवऱ्याकडे बघितलं.

"नको," नवरा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "चार वर्षं झाली गं."

गेल्या कित्येक दिवसांत तो तिच्याशी असा बोलला नव्हता. तिला वाटलं, त्याचा हात धरावा. तिने धरला नाही, कारण धरला असता तर पुढचं तिला जमलं नसतं.

"हे भाषांतर करायचं?" दुभाषीने विचारलं.

"करा."

दुभाषीने सांगायला सुरुवात केली. या वेळी तिला शब्द शोधावे लागत होते. अधीक्षिकेच्या चेहऱ्यावरचा वैताग हळूहळू जाऊन तिथे दुसरंच काहीतरी येऊ लागलं. दाराशी पोचलेल्या बाईने ट्रे छातीशी धरला आणि उजवा हात एप्रनच्या खिशात घातला.

कोपऱ्यात मुलीने खडू खाली ठेवला आणि मान वर केली. तिने टाचणीकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं.